हाऊ डबा तपेल शे

आमच्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे, गाडी. "डीजे आला" म्हटलं की गल्लीतली पोरं धावतात ती पिकअप बघायला. तिच्यावर उभा राहून बटणं फिरवणारा मी. पत्रिकेत नाव नसतं, जेवायला शेवटच्या पंगतीत बसतो, आणि आवाज बंद पडला की मात्र अख्ख्या गावाला माझा चेहरा पाठ होतो. अमळनेरात राहतो. अकरा वर्षं झाली या धंद्याला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुहूर्त बघावा लागत नाही, साडेतीनातला तो एक. त्यामुळे त्या दिवशी तालुक्यात एक गाडी मोकळी सापडत नाही. मला तापीपलीकडचं काम होतं, चोपडा तालुक्यातल्या केळीवाल्यांच्या गावात. लग्न गोरज मुहूर्तावर, वरात साडेचारला मारुतीच्या देवळापासून. आता मे महिन्यात साडेचार म्हणजे खान्देशात भर दुपारच. मोबाइल 43 दाखवत होता, आणि तो आकडा सावलीतला. आम्ही गाडीच्या लोखंडाला हात लावायचा तर आधी फडकं धरत होतो.

त्याच आठवड्यात मी पिकअपवरची मांडणी बदलली होती. आधी लॅपटॉप आणि कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडलेली बटणांची पाटी, केबिनच्या मागे वेगळ्या टेबलावर असायचे. नव्या मांडणीत अॅम्प्लिफायरचा रॅक मध्ये, त्याच्यावर प्लायची फळी आणि फळीवर माझं सगळं सामान. जागा वाचली, दोन टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, जास्त बसले. मी खूश होतो. फोटो काढून स्टेटसलाही टाकला होता.

खुशीचं दुसरं कारण म्हणजे गाणं फोडायची सोय. गाणं वाजता वाजताच त्यातला गळा वेगळा, ढोल वेगळा, बेस वेगळा काढता येतो. गेल्या काही वर्षांत हे बहुतेक डीजे सॉफ्टवेअरमध्ये आलं आहे. आधी हेच काम घरी बसून, रात्र घालवून करावं लागायचं, तेही अर्धवट जमायचं. अहिराणी गाण्यांसाठी तर मला त्याची फार गरज होती. आपली बरीच जुनी लग्नाची गाणी सहाच्या चालीत झुलतात. सॉफ्टवेअर मात्र चारच्या ठेक्यावर वाढलेलं, क्लबमधल्या संगीताच्या हिशोबाने बनलेलं. पायाने ठेका धरला तर गाणं मिनिटाला 96 चं असतं, आणि पडद्यावर आकडा येतो 144. ते बिचारं तीन-तीनच्या जागी दोन-दोन मोजतं. त्याच्या भरवशावर सिंकचं, म्हणजे दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळवायचं, बटण दाबलं की दोन गाणी एकमेकांच्या पायात पाय घालून पडतात. नवखा ऑपरेटर इथेच ओळखू येतो. म्हणून मी नुसता बाईचा गळा उचलायचो आणि खाली माझा हलगीचा लूप हाताने बसवायचो. त्या वरातीसाठी अशी नऊ गाणी तयार ठेवली होती. हौस, दुसरं काय.

पहिली वीस मिनिटं झकास गेली. नवरदेव घोड्यावर, पुढे पोरं, त्यांच्या मागे बाया, आणि दोन्हींच्या मध्ये ज्यांना नाचायचंही आहे आणि कोणी बघू नये असंही वाटतंय असे मधल्या वयाचे पुरुष. मग एका गाण्यात बेसच्या ऐवजी कर्रर्र आलं. अर्धा सेकंद. कोणाला कळलं नसावं. दोन मिनिटांनी पुन्हा, जरा लांब. तिसऱ्या वेळी गाणं अडखळलं, एकच शब्द सात-आठ वेळा हाणला आणि गप्प झालं. मग आपणच सुरू झालं.

यूएसबी केबल बदलली. आमच्या धंद्यात पहिला संशय केबलवर, दुसरा जनरेटरवर आणि तिसरा हेल्परवर. कंट्रोलरमध्येच साउंड कार्ड असतं, त्यामुळे ती एक केबल सैल झाली की सगळा कारभार आटोपला. पण नव्या केबलवरही तेच. जनरेटरचा व्होल्टमीटर पाहिला, काटा 225 वर शांत उभा. हेल्पर पोरगा आपणहोऊन म्हणाला, "दादा, मी कशालाच हात लावला नाही." हे वाक्य तो नेहमी म्हणतो.

मग डोकं चाललं आणि सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यातला, लॅपटॉपवर किती भार आहे ते दाखवणारा पट्टा बघितला. तो लालच्या टोकाला भिडलेला.

इथे थोडं सांगायला हवं, कारण पुष्कळ ऑपरेटर भाऊ हे जाणून न घेता लॅपटॉप बदलत बसतात. आवाज लॅपटॉपमधून नळाच्या पाण्यासारखा सलग येत नाही, घमेल्या-घमेल्याने येतो. एका सेकंदाच्या आवाजाचे 44,100 तुकडे असतात. मी बफर 256 ठेवला होता, म्हणजे एका घमेल्यात 256 तुकडे, आणि हिशोब केला तर दर सहा मिलिसेकंदांच्या आत पुढचं घमेलं भरून तयार पाहिजे. नाही भरलं तर तेवढी जागा रिकामी जाते, तिथे कर्रर्र होतं. बफर लहान ठेवला की हात फिरवताच आवाज हलतो, स्क्रॅचला मजा येते. मोठा ठेवला की हात आणि कान यांत फट पडते, पण लॅपटॉपला श्वास घ्यायला वेळ मिळतो. मी बफर लहान ठेवलेला, वरून त्याच लॅपटॉपकडून गाणं फोडायचं काम घेतलेलं. घरी पंख्याखाली हे सगळं तो हसत करायचा.

बफर 1024 केला. पाच मिनिटं बरी गेली. मग थेट पडदा काळा.

गर्दी थांबली. वाजता वाजता डीजे बंद पडला की लोक आधी आकाशाकडे बघतात, मग ऑपरेटरकडे. नवरदेवाच्या भावाने खालूनच हाताने "काय?" केलं. एका म्हातारीने विचारलं, "काय व्हयनं रे भो, पोलीस उनात का?" म्हणजे पोलीस आले का. लॅपटॉप पुन्हा सुरू होऊन सगळं लोड व्हायला तीन मिनिटं, आणि वरातीतली तीन मिनिटं म्हणजे काय असतं ते ज्याने भोगलं त्यालाच माहीत. खिशातला मोबाइल काढला, छोट्या पिनची वायर मिक्सरच्या दुसऱ्या चॅनलला लावली आणि सापडलं ते गाणं सोडलं. विमान मोड टाकायचं विसरलो. दुसऱ्याच कडव्याला बायकोचा फोन आला आणि तिची रिंगटोन अठरा इंची बेसमधून गावभर घुमली. दोन-तीन पोरांनी तिच्यावरही हात वर केले.

तेवढ्यात नवरीचे मामा गाडीवर चढले. पांढरा सदरा, टोपी घामाने भिजलेली. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, केळीच्या बागांच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात, हे मला नंतर कळलं. मला वाटलं शिव्या द्यायला आले. ते काही बोलले नाहीत. लॅपटॉप उचलून बाजूला ठेवला आणि तळहात फळीवर टेकवला. झटक्यात मागे घेतला. मग वाकून फळीच्या खाली, माझ्या पोटऱ्यांच्या समोर हात धरला.

"हाऊ डबा तपेल शे," रॅककडे बोट करत म्हणाले, म्हणजे हा डबा तापलाय. "तू भट्टीवर कढई मांडेल शे, भाऊ."

मी वाकून हात धरला. वाळवंटातून यावी तशी झळ. माझ्या पँटीचा खालचा भाग तेवढा कोरडाठक्क होता, बाकी अंग घामाने निथळत असताना, आणि तासभर ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

माझे चारही अॅम्प्लिफायर जुन्या एबी क्लासचे. दमदार आहेत, पण घेतलेल्या विजेतला मोठा वाटा ते उष्णता करून टाकतात. ती बाहेर फेकायला त्यांना पंखे असतात: समोरून हवा घ्यायची, मागून सोडायची. नव्या मांडणीत स्पीकरच्या केबली पुरेनात म्हणून पोराने रॅक उलटा फिरवून बसवला होता. त्यामुळे गरम हवा माझ्या पायांवर आणि तिथून वर, फळीच्या पुढच्या फटीतून थेट लॅपटॉपच्या बुडाशी. लॅपटॉपचा पंखा खालून हवा ओढतो. म्हणजे तो थंड व्हायला जी हवा घेत होता ती चार अॅम्प्लिफायरांनी आधीच भाजलेली. बऱ्याच लॅपटॉपच्या कागदावर 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं लिहिलेलं असतं. खान्देशात तो कागद आखाजीपर्यंत तरी घडी घालून ठेवावा. प्रोसेसर तापला की जीव वाचवायला आपला वेग कमी करतो, वेग कमी झाला की घमेलं भरत नाही, आणि फारच तापला की दुकान बंद करून झोपतो. मशीनने बरोबरच केलं होतं.

रॅक सरळ करायचा तर बारा केबली काढून पुन्हा लावायच्या. वरात उभी ठेवून ते शक्य नव्हतं. मामांनी खाली हाक मारली, कोणीतरी केळीच्या गाडीतलं बारदान आणलं, टँकरच्या पाण्यात बुचकळून पिळलं. ते चार घडी करून फळीच्या आणि रॅकच्या मध्ये आडवं लटकवलं, केबलींपासून वीतभर लांब. मला विजेची धास्ती वाटत होती, मामांना नव्हती. त्यांनी ते कुठे टेकेल आणि कुठे टेकणार नाही हे माझ्यापेक्षा नीट बघितलं. लॅपटॉप दोन विटांवर उचलला. कोरडी हवा असल्याने ओलं बारदान आमच्याकडे काम करतं, सगळे कूलर त्याच जिवावर चालतात. कोकणातल्या लग्नात हा उपाय फुकट गेला असता. चार्जर काढला, कारण बॅटरी भरतानाही लॅपटॉप तापतो. गाणं फोडायची सोय बंद केली. गाणी जशी आहेत तशी, एकामागून एक.

मंडपापर्यंत एकदाही कर्रर्र झालं नाही. आणि खरं सांगायचं तर, गळा वेगळा, हलगी वेगळी हे सगळं गेलं म्हणून एकही माणूस नाचायचा थांबला नाही. उलट जास्त नाचले, ऊन उतरलं होतं. हे मला लागलं. नऊ गाण्यांवर मी चार रात्री घालवल्या होत्या.

नाही, एक जण होता. बारा-तेरा वर्षांचा पोरगा, देवळापासून गाडीच्या फाळक्याला लटकून माझी बोटं बघत आलेला. मंडपाशी उतरताना म्हणाला, "दादा, आधी तुम्ही नुसत्या बाईचा आवाज ठेवत होते ना, तो का बंद केला?" मी त्याला बारदान दाखवलं. त्याला ते पटलं नाही.

दहाच्या आत सामान आवरलं. हिशोबाला नवरदेवाच्या काकांनी हजार रुपये कापले, "बंद पडला होता" म्हणून. मी वाद घातला नाही, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी गरम होती आणि मामांनी शेजारी जागा ठेवली होती. जेवताना ते अॅम्प्लिफायरच्या वाइंडिंगविषयीच विचारत राहिले, ट्रान्सफॉर्मरमध्ये तांबं किती, अॅल्युमिनियम किती. आपल्याच मशीनच्या पोटातल्या मालाची मला इतकी माहिती नव्हती याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रॅक सरळ केला, लांब केबली आणल्या, फळी वीतभर वर उचलून मागे लोखंडी जाळी ठोकली. रॅकच्या कुशीवर लाल ऑइल पेंटने ठसठशीत बाण काढला आणि हेल्परला बोलावून दाखवला, की यापुढे बाण बघूनच रॅक चढवायचा.

त्याने बराच वेळ बघितलं. म्हणाला, "दादा, हा बाण हवा जिकडून येते तिकडचा का जिकडे जाते तिकडचा?"