बटणाचा काय दोष?
आज टिळकवाडीत मामेभावाच्या माडीवर. बाहेर धो धो पाऊस, आत ‘सेकिरो’ या व्हिडिओ गेमवरून भांडण. मी २०११च्या ‘डार्क सोल्स’वर वाढलेला. वार केला की स्टॅमिना खर्च होतो, म्हणून दोन घाव घालून लोळण घ्यायची, हे हाडात मुरलंय. २०१९च्या ‘सेकिरो’त स्टॅमिनाच नाही! तिथं पळून फारसं भागत नाही. समोरच्याची तलवार ऐन क्षणी कंट्रोलरच्या एल-वन बटणानं परतवत त्याचा तोल मोडायचा. मामेभाऊ म्हणाला, “मर्दा, तू नुसता पळतोस की!” खरंच होतं, पण मान्य कोण करणार? मी सगळं बटणावर ढकललं. (बटण ठणठणीत होतं.) तेराव्यांदा मेल्यावर कुंद्याचा डबा उघडला. तिथंही शेवटचा घास त्यानंच पटकावला.