आपसूकच झालं असतं का?

गेल्या आठवड्यात कागलची एक आई दोन वर्षांच्या मुलाला दाखवायला आली. पूर्वी एका बाजूनं चपटं असलेलं त्याचं डोकं आता बरंच गोल झालंय. निघताना तिनं विचारलं, "मॅडम, हे तुमच्या व्यायामानं झालं की आपसूकच झालं असतं?" तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

पहिल्यांदा आणला तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. डोक्याची मागची डावी बाजू चपटी, डावा कान पुढे सरकलेला, कपाळही त्याच बाजूनं पुढे. वरून बघितलं तर तिरका चौकोन. हा आकार दिसला की मला हायसं वाटतं, कारण तो सहसा डोकं एकाच बाजूला टेकून झोपल्यानं होतो. कवटीचा मागचा सांधा मुदतीआधी जुळला असेल तर मात्र कान सहसा मागे ओढला जातो, सांध्यावर हाडाचा उंचवटा बोटाला लागतो. ते काम न्यूरोसर्जनचं. कॅलिपरनं डोक्याची दोन्ही तिरकी अंतरं मोजली, कपाळाच्या एका बाजूपासून मागच्या विरुद्ध बाजूपर्यंत. १३ मिलिमीटरचा फरक. मग मान. उजवा स्नायू आखडलेला, म्हणून तोंड सदा डावीकडे. तोवर तीन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि मानेला कुणी हात लावला नव्हता. याचा मला अजून राग येतो.

आजी मोहरीची उशी सोबत घेऊनच आल्या होत्या. "न्हाऊ घालणारी बाई रोज दाबून गोल करती, तरी बसंना बघा." दाबणं बंद करायला लावलं, उशीही. मग पालथं झोपवू का, म्हणाल्या. नाही आजी, झोपताना उताणंच. पालथं फक्त जागेपणी, समोर कुणीतरी बसून. झोळी कमी, कडेवर जास्त. पाळण्याचं तोंड फिरवलं, म्हणजे दाराचा उजेड बाळाच्या उजवीकडे आला. मान ताणायचा व्यायाम आईला शिकवला, दर लंगोट बदलताना.

वडिलांना कुणीतरी डोक्याला आकार देणारं हेल्मेट सांगितलं होतं. गंठण गहाण ठेवायची तयारी झाली होती. मी त्यांना नेदरलँड्समधला प्रयोग सांगितला, २०१४ साली छापून आलेला. ८४ बाळं, निम्म्यांना सहा महिने हेल्मेट, बाकीच्यांना काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर डोकं पूर्ण सुधारलेली हेल्मेटवाल्यांत २६ टक्के, बाकीच्यांत २३ टक्के. म्हणजे फरक जवळपास नाही. पण पूर्ण गोल व्हायची हमीही दोन्हीकडे नाही. हे दुसरं वाक्य मी दोनदा सांगितलं, कारण पालकांना ते ऐकूच येत नाही. हेल्मेटशिवायही डोकं सुधारतं ते असं: पहिल्या वर्षात डोक्याचा घेर साधारण १२ सेंटिमीटर वाढतो, बाळ कुशीवर वळतं, बसतं, डोक्यावरचा दाब सुटतो.

आता फरक ४ मिलिमीटर. केसांत दिसत नाही, आईच्या हाताला मात्र कळतो.

त्या डच प्रयोगात आखडलेल्या मानेची बाळं घेतलीच नव्हती. मग तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठून मिळणार? मी म्हटलं, "मान तुम्ही सरळ केलीत, एवढं खात्रीनं सांगते. डोक्याचं मला सांगता येत नाही." खरं उत्तर कळायला अशा एखाद्या बाळाची मान तशीच आखडलेली सोडून वर्षभर बघत बसावं लागेल. ते माझ्याच्यानं होणार नाही.