‘फ्लेचर’ या शब्दात पीस कुठे आहे?

‘फ्लेचर’ म्हणजे बाणाला पिसं लावणारा, असं सर्रास सांगतात. पण शब्दाच्या मुळाशी पीस नाहीच. जुन्या फ्रेंचमध्ये बाण करणाऱ्याला जे म्हणत, तेच इंग्रजीने उचललं. बाणाला फ्रेंचमध्ये आज ‘फ्लेश’ म्हणतात. तिथला ‘च’ पुढे ‘श’ झाला, इंग्रजीत मात्र जुना ‘च’ टिकला.

घोळ घातला तो ‘फ्लेज’ने. पिल्लाला उडण्याजोगी पिसं फुटणं, हा त्याचा अर्थ. शब्द अस्सल जर्मानिक. ‘फ्लेच’ हे क्रियापद बरंच नंतरचं, सतराव्या शतकातलं, आणि त्यात या दोन्हींची सरमिसळ दिसते.

इंग्लंडमधला फ्लेचर दांडीही करायचा. लोखंडी टोकं वेगळे लोहार घडवत. लंडनमध्ये १३७१ साली फ्लेचर धनुष्य करणाऱ्यांपासून वेगळे झाले. १४१६च्या कायद्याने लाकडी तळाची पादत्राणं करणाऱ्यांना अ‍ॅस्पेनचं लाकूड वापरायला बंदी केली, कारण ते बाणांना हवं होतं. माझ्या मते फ्लेचरचा धंदा किती रुंद होता, हे यावरूनच कळतं. पिसांची ओढ होतीच म्हणा: १४१७मध्ये पाचव्या हेन्रीने प्रत्येक पाळीव हंसामागे (इंग्रजीतला ‘गूस’, राजहंस नव्हे) पंखाची सहा पिसं गोळा करायला लावली.

पिसांचं काम नाजूक. पंखातलं मोठं पीस कण्यातून उभं चिरायचं, कण्याचा तळ घासून पातळ आणि सपाट करायचा, मग दांडीभोवती १२० अंशांवर तीन पिसं सरसाने चिकटवायची. एक पीस बाणाच्या मागच्या टोकाला प्रत्यंचा बसते त्या खाचेच्या चिरेला काटकोनात, म्हणजे बाण सुटताना धनुष्यापासून दूर राहील असं. तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखातली हवीत. डाव्या-उजव्या पंखांच्या पिसांचा बाक उलटा असतो. मिसळली तर एकाचा फिरकीचा जोर दुसरं मारतं आणि बाण हेलकावे खातो.

सरस ओलाव्यात सुटतो. म्हणून पिसाच्या तंतूंमधून वाट काढत बारीक दोऱ्याचे नागमोडी न जाता सरळ चढते वेढे द्यायचे. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ जहाजावरच्या बाणांवर अशा वेढ्यांच्या खुणा आहेत, आणि चिकटवणीत तांबंही सापडलं. पिसाच्या कण्याचं पुढचं टोक निमुळतं करून दोऱ्याने दाबलंच पाहिजे. ते उचललेलं राहिलं, तर बाण सुटताना कण्याची धार धनुष्य धरलेल्या हाताला चिरते.