इंग्लंडच्या कालव्यांवर राहायला निघताय? आधी टाकी बघा

नॅरोबोटीचे, म्हणजे कालव्यावरच्या लांबट, अरुंद घरबोटीचे व्हिडिओ बघून दादर-पार्ल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात येतं, मुलं तिकडे आहेतच, तर घर भाड्याने घेण्यापेक्षा कालव्यावर बोटीतच राहू. विचार छान आहे. पण चौकशी सगळी होते ती बोट हाकण्याची, आणि ते एका दिवसात हाताला बसतं. सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की बोट उजवीकडे वळते. ब्रेक नसतो, थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा. वेगमर्यादा ताशी ४ मैल, आणि समोरून बोट आली की आपण उजव्या बाजूला. अवघड आहे ते त्या बोटीतलं घर चालवणं. पाणी, संडास, वीज आणि ऊब, चारही गोष्टी मोजून वापराव्या लागतात. त्यात मुंबईच्या काही सवयी फार कामाला येतात आणि काही दुसऱ्याच दिवशी अडचणीत आणतात.

बोटीची रुंदी ६ फूट १० इंच, कारण मध्य इंग्लंडातल्या, मिडलँड्समधल्या जुन्या कालव्यांची लॉक (बोट वरखाली करणाऱ्या दारांच्या टाक्या) जेमतेम सात फूट रुंद आहेत. लांबी ७० फुटांच्या आसपासही असते. पण यॉर्कशरमधल्या काल्डर अँड हेबलसारख्या कालव्यांवरची लॉक आखूड असल्यामुळे ५७ फुटी बोट बरी, ती जवळजवळ कुठेही जाते. आतल्या लाकडी अस्तरानंतर रुंदी सहा फूट उरते. इंजिन आणि डेक वजा केले की हाती येतात साधारण २५० चौरस फूट, तेही एका रांगेत.

पाण्याची टाकी पुढच्या टोकाला असते, ३०० ते ६०० लिटरची. पाच मिनिटांचा शॉवर सहज ३० लिटर पाणी घेतो, तर बादली-तांब्याची अंघोळ १५ लिटरमध्ये आटोपते. त्यामुळे बादली घेऊन जा, नाहीतर तिथे विकत घ्या. दिवसाला ५० लिटर धरले तर ५०० लिटरची टाकी दोघांना नऊ-दहा दिवस पुरते. भरायची ती कालव्याकाठच्या नळावर, आपल्याच पाइपने. नळाला जोर नसेल तर तासाच्या वरही लागतो. म्हणून नियम सरळ आहे: नळ दिसला की टाकी काठोकाठ भरायची, पुढचा नळ मिळेल यावर विसंबायचं नाही. हिवाळ्यात नळ गोठतात. पाण्याचा पंप कुणी नळ उघडलेला नसताना अधूनमधून स्वतःच घरघरला तर कुठेतरी गळती आहे असं समजा. तो थांबतच नसेल तर टाकी रिकामी झालीय. लगेच स्विच बंद करा, नाहीतर कोरडा चालून जळतो.

संडासाच्या बाबतीत मात्र आपली सवय आड येते. अनेक बोटींत कॅसेटचा संडास असतो: खाली सुमारे २० लिटरचा डबा, भरला की हाताने ओढत न्यायचा आणि कालव्याकाठी ठरवून दिलेल्या जागी रिकामा करायचा. कागद वापरणाऱ्या दोघांना तो तीन-चार दिवस जातो. जेट स्प्रे किंवा टमरेलभर पाणी वापरलं तर दुसऱ्याच दिवशी डबा भरल्याची लाल खूण वर येते. उपाय म्हणजे अर्ध्या लिटरचा मोजका मग आणि जादा दोन डबे. भाड्याच्या बोटीत बहुधा मोठी टाकी असते, ती बोटयार्डात पंपाने उपसून देतात. बोट ठरवतानाच यातलं कुठलं आहे ते विचारून घ्या, आणि विचारायला लाजू नका. या एका प्रश्नावर अख्ख्या सहलीचा मूड ठरतो.

आता वीज. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. बोटीत घरगुती वापरासाठी १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटऱ्या असतात. ११० अँपिअर-तासांच्या चार म्हटल्या तर ४४०. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाताशी २२०. फ्रिज दिवसाला चाळीसेक खातो. दिवे, पंप, फोन आणि लॅपटॉप मिळून तेवढंच. ऐंशी-नव्वद दररोज जाणार असं धरा. चार्ज करणारं इंजिनाचं अल्टरनेटर सुरुवातीला जोरात भरतं, पण शेवटचे २० टक्के भरायला तासन् तास लागतात, कारण बॅटरी भरत आली की ती करंट कमी-कमीच घेते. रोज तासभर इंजिन चालवून ‘झालं चार्जिंग’ म्हणणाऱ्यांच्या बॅटऱ्या कधीच पूर्ण भरत नाहीत. प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि एक-दोन हिवाळ्यांत अख्खा संच बदलावा लागतो. लिथियम बॅटरीला हा त्रास नाही, पण जुन्या अल्टरनेटरला ती थेट जोडली तर अल्टरनेटर तापून जळू शकतं. मध्ये करंट आवरणारं चार्जर हवंच.

छपरावरच्या सोलर पॅनेलवर मे ते ऑगस्ट निश्चिंत राहता येतं. डिसेंबरात दिवस आठ तासांचा, त्यात सूर्य क्षितिजालगत. पॅनेल असून नसल्यासारखं. शिवाय बोट बांधलेली असताना, शेजारी इतर बोटी असतील तर रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवायचं नाही, असा बोटीच्या परवान्याचा नियम आहे.

मिक्सर चालेल का, हे हमखास विचारलं जातं. चालेल. ७५० वॅटचा मिक्सर १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरचा घाटा धरून ७० अँपिअर ओढतो. चटणीला पाच मिनिटं लागली तरी खर्च सहा अँपिअर-तासांचाच. अट एवढीच की इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा) आणि किमान २००० वॅटचा असावा, कारण मोटर सुरू होताना दुप्पट-तिप्पट झटका घेते. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर ती गुणगुणते आणि तापते. इंडक्शन शेगडी आणि इलेक्ट्रिक किटली मात्र विसरा. २००० वॅटला १८० अँपिअर जातात, रोजच्या वापराला एवढा भार बॅटरीला परवडत नाही. वाटणघाटण इंजिन चालू असताना उरकून घ्यावं.

स्वयंपाक गॅसवरच. सिलिंडर १३ किलोचा, प्रोपेनचा. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतो, म्हणून हिवाळ्यात उपयोगाचा नाही. सिलिंडर पुढच्या टोकाच्या बंद कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी भोकं असतात. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर भोकांतून बाहेर पडावा, बोटीच्या तळाशी साचू नये. ती भोकं पानांनी किंवा दोरीने बुजलेली नाहीत ना, हे बघत जा. जादा सिलिंडर आत स्वयंपाकघरात ठेवायचा नाही, एका रात्रीपुरताही नाही.

ऊब देते ती घन इंधनाची लोखंडी शेगडी. साध्या दगडी कोळशाच्या घरगुती विक्रीवर इंग्लंडमध्ये बंदी आहे, तेव्हा धूर न करणाऱ्या कोळशाच्या वड्या घ्यायच्या. कडाक्याच्या थंडीत २५ किलोची दोन पोती आठवड्याला लागतात. रात्रभर विस्तव टिकवायचा तर झोपण्यापूर्वी जाळी हलवून राख पाडा, कोळसा भरा, तो चांगला पेटू द्या आणि मग खालची हवेची फट नखाएवढी ठेवा. सगळीच हवा बंद केली तर कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. शेगडीच्या दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरी झिजली असेल तर तोच वायू खोलीत येतो. राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत, बाहेर. वरून गार दिसली तरी तिच्या पोटात निखारा असतो.

थंडी वाजते म्हणून छपरावरच्या वायुवीजनाच्या टोप्यांत चिंध्या कोंबणारे लोक आहेत. असं कधीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. त्याचा अलार्म २०१९ पासून बोटीच्या सुरक्षा तपासणीत सक्तीचा आहे. तरी तुम्ही पोचल्या दिवशी त्याचं बटण दाबून तो वाजतो का ते स्वतः तपासा.

याच्या जोडीला येते ओल. कुकरच्या चार शिट्ट्या आणि आत वाळत टाकलेले कपडे, ही सगळी वाफ थंड पोलादावर आणि खिडक्यांच्या ॲल्युमिनियम चौकटींवर पाणी होऊन उतरते. गादीखाली बुरशी धरते, कपाटातले कपडे कुबट होतात. डाळ-कडधान्य आदल्या रात्री भिजवा म्हणजे शिट्ट्या निम्म्या होतात. शिजवताना खिडकी किलकिली ठेवा, गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी घाला, सकाळी चौकटी पुसून काढा.

लॉकबद्दलचं मात्र सावकाश वाचा, कारण बोट बुडते ती बहुधा इथेच. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेली विटांची उभी टाकी. खालच्या दारातल्या झडपा उघडल्या की पाणी उतरतं, वरच्या उघडल्या की चढतं. झडप उघडायला विंडलास नावाचा काटकोनी दांडा लागतो. एका अरुंद लॉकमधून एका खेपेला सुमारे एक लाख लिटर पाणी खाली जातं, आपल्याकडचे दहा हजारांचे दहा टँकर. म्हणून समोरून बोट येताना दिसली आणि लॉक तिच्या बाजूने तयार असेल तर तिला आधी जाऊ द्यायचं. हे पाणी येतं डोंगरमाथ्यावरच्या तलावांतून. २०२५ मध्ये पावसाने ओढ दिली तेव्हा लीड्स अँड लिव्हरपूल कालव्याचा मोठा पट्टा बंद ठेवावा लागला होता. जूनअखेर तलावांची पातळी वाचणाऱ्या मुंबईकराला हे लगेच समजेल.

उतरताना धोका जास्त. वरच्या दाराखाली काँक्रीटची किंवा दगडाची एक पायरी असते, तिला सिल म्हणतात. ती लॉकच्या आत दीड मीटरपर्यंत पुढे आलेली असते आणि लॉक भरलेलं असताना दिसत नाही. काठावर पांढरी रेघ मारून तिची हद्द दाखवलेली असते. बोट आत घेतली, वरचं दार लावलं, वरच्या झडपा पूर्ण खाली आहेत हे बघितलं, की सुकाणूवरच्या माणसाने मागचं टोक त्या रेघेच्या बरंच पुढे आणून तिथेच राखायचं. मग काठावरच्याने खालची झडप आधी अर्धी उघडायची, थांबून बोटीकडे बघायचं, आणि मगच पूर्ण. उतरताना दोरी गाठ मारून बांधायची नाही. खुंटाला एक वेढा आणि टोक हातात. बांधलेली बोट दोरीला लटकते आणि कलंडते.

मागचं टोक सिलवर अडकलं तर पुढचं टोक पाण्याबरोबर खाली जात राहतं, आणि बघता बघता पाणी पुढच्या दारातून आत शिरतं. त्या वेळी इंजिनाशी झटापट करू नका, बोट ढकलू नका. खालच्या झडपा ताबडतोब बंद, मग वरच्या हळूहळू उघडून लॉक पुन्हा भरायचं. हा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. काठावरच्या माणसाची नजर सतत बोटीवर हवी, फोनवर नको. आणि विंडलास कधीही स्पिंडलवर, म्हणजे झडपेच्या फिरत्या खुंटीवर, लटकत सोडू नका. खिट्टी निसटली तर तो गरगरत सुटतो आणि मनगट मोडतो.

बोट एकाएकी जोर धरेनाशी झाली, दांडा थरथरू लागला, धूर काळा आला, तर बोटीखालच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) काहीतरी अडकलंय. इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, मगच मागचं झाकण उघडून हात घालायचा. जाड हातमोजे आणि दातेरी सुरी जवळ ठेवा. सिंथेटिक साडी शाफ्टवर, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, इतकी घट्ट आवळते की तुकडे करूनच काढावी लागते. लंडनमधल्या साउथॉलच्या बाजूला ग्रँड युनियन कालव्यात पूजेचे नारळ तरंगताना दिसतात; निर्माल्य कालव्यात सोडू नका, ही मनापासून विनंती. झाकण परत लावताना त्याची रबरी कड नीट बसली आणि स्क्रू घट्ट आवळला ना, हे दोनदा बघा. सैल राहिलं तर पंखा सगळं पाणी इंजिनाच्या खोलीत फेकतो. रोज मुक्कामी पोचल्यावर शाफ्टच्या ग्रीसचा स्क्रू हाताला अडेपर्यंत फिरवायचा. नाहीतर रात्रभर थेंब थेंब गळून सकाळी तळात बादलीभर पाणी सापडतं.

कायद्याचं थोडक्यात. बहुतेक कालवे २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेकडे आहेत, सुमारे २००० मैल. स्वतःची बोट असेल आणि कायमची बांधायची जागा नसेल तर १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. नुसतं पुढे-मागे सरकून भागत नाही. वर्षभरात बोट फिरली त्या टप्प्याची दोन टोकं एकमेकांपासून १५-२० मैलांपेक्षा कमी अंतरावर असली तर ट्रस्ट हरकत घेतं. परवाना, विमा आणि दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणी लागतेच. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने, आणि वारंवार येऊन तिथेच मुक्काम ठोकणं त्या व्हिसाच्या नियमांत बसत नाही. तेव्हा भाड्याची बोट हाच शहाणपणाचा मार्ग.

पहिल्या खेपेला मे किंवा सप्टेंबर निवडा. नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीसाठी कुठलं ना कुठलं लॉक बंद असतं. लॉकची भीती वाटत असेल तर ॲशबी कालवा, २२ मैल, जवळजवळ लॉकविरहित. लॉक शिकायचीच तर लँगोलेन कालवा; वाटेत टेलफर्ड या इंजिनिअरचा १८०५ चा पाँटकसाख्ते जलसेतू लागतो, ३८ मीटर उंचीवरून. वेळेचा हिशोब सोपा: मैल आणि लॉक यांची बेरीज करून तीनने भागायची. १२ मैल आणि १२ लॉक म्हणजे आठ तास, दिवस संपला. याहून जास्त ठरवलं की घरात भांडणं होतात.

सामान भरताना कडक कवचाच्या सूटकेसा अजिबात नकोत. बोटीत त्या ठेवायला जागाच नसते, रोज रात्री पलंगावरून खाली आणि सकाळी परत वर. कापडी पिशव्या घ्या, घडी करून पलंगाखाली जातात. डोक्याला लावायची बॅटरी, न घसरणारे बूट, आणि मिक्सर नेणार असाल तर त्याला तिथला चौकोनी पिनांचा प्लग मुंबईतूनच बसवून न्या.