शॉकअपचे सील

वडिलांच्या १९९८ सालच्या स्प्लेंडरच्या पुढच्या उजव्या शॉकअपवर तेलाचे कडे दिसू लागले, तेव्हा नेहमीप्रमाणे मी दोष सीललाच, म्हणजे आतले तेल अडवणाऱ्या रबरी कड्यालाच दिला. एका गॅरेजमध्ये ते दोनदा बदलून झाले होते आणि दोन्ही वेळा चिपळूणच्या पहिल्याच पावसाळ्यात तेल पुन्हा झिरपले होते. ते ओघळत ओघळत ड्रममधल्या लायनरपर्यंत गेले असते तर पुढचा ब्रेक नावालाच उरला असता, म्हणून या खेपेला अंगणातच गाडी स्टँडवर घेतली.

चाक, मडगार्ड निघाले. खालचा ॲलन बोल्ट मात्र हटून बसला. तो फिरवावा तर आतली दांडीही त्याच्याबरोबर गरगर फिरते. स्प्रिंगचा दाब दांडीवर असतानाच तो सैल करून घ्यायचा असतो, हे शहाणपण मला स्प्रिंग बाहेर काढून झाल्यावर सुचले. ती परत घालून, शॉकअप छातीशी दाबून धरून बोल्ट सोडवला. आतले तेल गटाराच्या पाण्यासारखे करडे झाले होते आणि त्याचा वास थेट सुकटीच्या जवळ जाणारा होता.

सीलमधून सरकणारा शॉकअपचा पाइप स्वच्छ पुसून त्यावरून नख फिरवले, तेव्हा एका जागी ते अडकले. क्रोम उडून तिथे गंजाचा खसखशीएवढा खड्डा पडला होता. गाडी दचकली की पाइप सीलच्या ओठातून वर-खाली सरकतो, आणि प्रत्येक फेरीला त्या खड्ड्याची कड रबराला कानशीसारखी घासते. गॅरेजवाल्याने बिचाऱ्या सीलला दोनदा फाशी दिली होती आणि खरा गुन्हेगार पुसूनबिसून पुन्हा जागेवर बसवला होता!

खड्ड्यात ॲरल्डाइट भरले आणि दुसऱ्या दिवशी बाराशे नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने ती जागा पाइपभोवती आडवी घासली. उभे ओरखडे पडले तर तेलाला वर यायला आयती वाटच मिळते. पाइपच्या टोकावर भाजीची पातळ पिशवी चढवून, तेलाचा हात लावून नवे सील सरकवले. त्याच्यावर जुने सील ठेवून पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने ते ठोकत गेलो, सील जागेवर धरणाऱ्या सर्क्लिपची खाच पूर्ण दिसेपर्यंत. डाव्या बाजूचेही सील त्याच बैठकीत बदलले. दोन्हीकडे तेल सारखे पडावे म्हणून खोकल्याच्या औषधाचे माप वापरले; ते आता आई घरात घेत नाही.

परवा परशुराम घाट उतरून आल्यावर उजव्या पाइपवर बोट फिरवले. बोटाला नुसता तांबडा चिखल लागला.