चिकन-शेंगदाणा स्टर फ्राय: सहाव्या खेपेला जमलं

मंडळी, या रविवारी जमलं एकदाचं. कोरडं, चकचकीत, प्रत्येक तुकड्याला सॉस चिकटलेला आणि ताटात खाली पाण्याचा थेंब नाही. दोन महिने याच एका गोष्टीच्या मागे लागलोय, आमच्याकडे सोमवार-गुरुवार नॉनव्हेज नसतं आणि बाकीच्या दिवशी ऑफिसमधून ठाण्याला पोचेपर्यंत साडेआठ होतात, त्यामुळे प्रयोग रविवारचाच, तोही मधलाअधला कुठला तरी रविवार लग्नाकार्यात गेला की हुकतो. म्हणून जे जे कळलं ते सविस्तर लिहून ठेवतोय.

पदार्थ म्हणजे कुंग पाओ चिकन, घरगुती आणि कमी तेलातलं. मूळ चीनच्या सिचुआन प्रांतातलं. छिंग राजवटीत तिथला गव्हर्नर होता डिंग बाओझेन, 1886 मध्ये वारला, त्याच्या 'गोंगबाओ' या हुद्द्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातून निघाले, चीनला पोचले तसे आपल्याकडेही पोचले, आणि आज जांभळी नाक्याच्या बाजारात एक चक्कर मारली की या पदार्थाचं निम्मं सामान पिशवीत येतं.

आता मुद्द्याचं. पहिल्या तीन खेपांना मी अर्धा किलो चिकन एकदम कढईत टाकायचो. टाकल्या टाकल्या चर्रर्र असा मस्त आवाज यायचा, दहा सेकंदात तो आवाज बसायचा आणि बुडबुड सुरू व्हायची, म्हणजे चिकनचं पाणी सुटलं, आता ते परतलं जात नाहीये, शिजतंय. मग गॅस मोठा करा, पाणी आटवा, तोपर्यंत चिकन रबर. हॉटेलातली भट्टी आपल्या घरच्या बर्नरच्या कितीतरी पट जाळ देते, तो जाळ आपल्याकडे नाही आणि येणारही नाही, मग उपाय एकच, कढईतच उष्णता साठवायची आणि तिच्यावर एका वेळी थोडंच ओझं टाकायचं. आईची जुनी बीडाची कढई काढली, जड आहे, उचलून झटके देता येत नाहीत, पण एकदा तापली की थंड व्हायचं नाव घेत नाही. मोठ्या गॅसवर चार-पाच मिनिटं कोरडीच तापवायची, कडेने बारीक धूर दिसला की तेल. आणि 400 ग्रॅम चिकनचे तीन घाणे. वजनकाट्यावर मोजून करतो, अंदाजाने केलं की हात जास्तच सोडतो. पूर्ण वेळ कान त्या आवाजाकडे ठेवायचा, चर्र चालू आहे तोवर सगळं ठीक, आवाज उतरायला लागला की पुढचा घाणा अजून छोटा.

दुसरी चूक पाण्याचीच, पण वेगळी. चिकन धुऊन तसंच मुरवायचो. आता धुतल्यावर अर्धा तास चाळणीत निथळत ठेवतो, मग जुन्या सुती पंचाने तुकडा न तुकडा टिपतो, कंटाळवाणं काम आहे पण सगळा फरक इथे पडतो. चौथ्या खेपेला मुरवलेले तुकडे उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढून मग परतले, तेलात तळायच्या ऐवजी, कॅलरी वाचतात म्हणून. चिकन लोण्यासारखं मऊ झालं खरं, पण बाहेरून ओलं, त्याला तो भाजका वास काही केल्या येईना. ज्यांना अगदीच कमी तेल हवंय त्यांनी जरूर करावं, मी सोडून दिलं. चिकनवाल्याकडून ब्रेस्टऐवजी बोनलेस लेग घेतो, तो मुळातच मऊ राहतो, खायच्या सोड्याची गरज पडत नाही. पाऊण इंचाचे तुकडे, दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर, एक छोटा चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा तेल, वीस मिनिटं. मीठ अजिबात नाही.

मिठाचं मुद्दाम सांगतो कारण बाबांना बीपी आहे आणि हा सगळा खटाटोप तेही पोटभर खाऊ शकतील म्हणून चाललाय. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्यामुळे मुरवायचा धरून सगळ्या पदार्थाला मिळून दीड मोठा चमचा सोया, तिघांत वाटला जातो. उरलेली चव व्हिनेगर दीड चमचा, किसलेला गूळ दोन छोटे चमचे, आलं-लसूण भरपूर, यांतून काढायची. त्यातच छोटा चमचाभर कॉर्नफ्लोअर आणि दोन चमचे पाणी, वाटीत आधीच कालवून ठेवायचं, कारण शेवटचे दोन मिनिटं वाटी शोधायला वेळ नसतो.

शेंगदाणे 60 ग्रॅम, बारीक गॅसवर बारा-पंधरा मिनिटं भाजून, चोळून, सालं पाखडून. गरम असताना मऊच लागतात, घाबरून अजून भाजू नका, गार झाले की कुरकुरीत होतात. आणि कढईत अगदी शेवटी, आधी टाकले की सॉस पिऊन मऊ पडतात.

मिरच्या आठ-दहा, ब्याडगी रंगाला आणि दोन लवंगी तिखटाला. कात्रीने दोन तुकडे करून बिया झटकायच्या. तेलात गेल्या की डोळा हलवायचा नाही, लालाच्या काळ्या व्हायला पाच सेकंद लागतात आणि मग घरभर ठसका.

आणि आता तिरफळ. खऱ्या कुंग पाओत सिचुआन पेपर लागतो, ज्याने जिभेला मुंग्या येतात (आपल्या गाडीवरच्या शेजवानमध्ये हा प्रकार नसतोच). ऑनलाइन छोटी पुडी मागवली होती, महाग, आणि आली ती वास गेलेली. पाचव्या खेपेला ती फेकून देताना आईने बघितलं, हुंगलं आणि म्हणाली, "अरे, हे तर तिरफळासारखं दिसतंय." आई वेंगुर्ल्याची, बांगड्याच्या तिखल्याला तिरफळं घालायची म्हणून डबा कायम भरलेला. शोधलं तर खरंच, दोन्ही झँथोझायलम या एकाच प्रजातीतली (genus), आणि मुंग्या आणणारे घटकही त्याच जातीचे. मी आख्खी तिरफळं खलबत्त्यात टाकायला निघालो तर आईने हात धरला, "आधी बी काढ रे, नुसतं टरफल घे." काळी चकचकीत बी दाताखाली वाळूसारखी कचकचते, चव टरफलातच. दहा-बारा टरफलं तव्यावर अर्धा मिनिट कोमट केली, कुटली, तर संत्र्याच्या सालीसारखा वास ओट्यावर पसरला. गॅस बंद केल्यावर वरून अर्धा छोटा चमचा, त्याहून जास्त नाही, नाहीतर कडवट होतं.

तर रविवारचा क्रम असा झाला की कढई तापवली, दोन मोठे चमचे तेल घाण्यागणिक वाटून, चिकनचे तीन घाणे ताटात काढले, त्याच कढईत मिरच्या, आलं-लसूण, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि एक सिमला मिरची मिनिटभर, चिकन परत, कालवलेला सॉस, तो अर्ध्या मिनिटात घट्ट होऊन चमकायला लागला की शेंगदाणे, हिरवी पात, गॅस बंद, तिरफळ. माझ्या हिशेबाने माणशी 380 कॅलरीच्या आसपास आणि तीसेक ग्रॅम प्रोटीन.

सोबत इंद्रायणी भात केला, चिकट असतो म्हणून याच्याशी छान बसतो. आईने मात्र तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्लं. बाबांनी पहिला घास घेतला, थांबले, ओठावरून जीभ फिरवली आणि आईकडे बघून म्हणाले, "बांगड्याची आठवण झाली गं." मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पुढच्या वेळी शेंगदाण्याऐवजी काजू घालून बघणार आहे आणि लवंगी दोनाच्या तीन. तिरफळाचा डबा तळाला आलाय, आईने वेंगुर्ल्याला मामाला फोन केलाय.