चासीतून निघाले खवले (पिकअप, नोंद तिसरी)

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की गाडीच्या चासीवरचं, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरचं, गंजरोधक काळं कोटिंग शाबूत आहे, म्हणजे गंजाचं निम्मं काम वाचलं. ते शब्द मागे घेतो.

गाडी २००९ ची, डबल कॅबिन. माझ्याआधी ती मासळी वाहायची, हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं. हौद्याच्या फटींतून बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चासीवर ठिबकलं असणार. आणि आता मुक्काम ऐरोलीत, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर.

फेब्रुवारीचा पहिला रविवार. मागची बाजू घोड्यांवर (गाडी उचलून धरणाऱ्या लोखंडी तिवयांवर) चढवली (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका). रबाळ्याहून वेल्डिंगवाले मामा आले होते. छोट्या हातोडीने ते चासी पुढून मागे ठोकत गेले. कॅबिनखाली टण्, टण्. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरपाशी, म्हणजे त्या चासीला जिथे टांगलेल्या असतात तिथे, आवाज एकदम बसला. तिथे टोच्या लावला तर कोटिंग हातभर सोलून आलं आणि त्यामागे ओलसर तांबडे पापुद्रे. एक बारीकशी चीर पुरते. पाणी आत शिरतं, बाहेर यायला वाट नाही, आणि वरून गाडी काळी कुळकुळीत.

माझी चासी कॅबिनपासून मागच्या हँगरपर्यंत चौकोनी नळीसारखी बंद आहे. तळाला पाणी निघायची भोकं असतात, सगळी बुजलेली. सायकलचा स्पोक वाकवून उकरली. वाटीभर काळा गाळ पडला, त्यात काहीतरी चमकत होतं. मला वाटलं अभ्रक. मामांनी नखावर घेऊन पाहिलं. "अहो, खवले आहेत हे! कालवण करा आता."

मीठ आत असेपर्यंत कुठलाही रंग वाया. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपण होऊन पाणी ओढतं, पावसाळ्यात बरणीतलं ओलं होतं तसंच. बरणीत तांदळाचे दाणे टाकता येतात, चासीत काय टाकणार? म्हणून पाइप आत घालून गोड्या पाण्याने दोनदा धुतलं, भोकांतून नितळ पाणी येईपर्यंत. मग भोकाशी टेबल फॅन लावून तीन दिवस सुकवलं. वॉचमनने विचारलंच, "साहेब, गाडीला उकडतंय का?"

मार्च. हँगरच्या मागे दोन रुपयांच्या नाण्याएवढं भोक होतं. चांगलं लोखंड लागेपर्यंत मामा कापत गेले, तेव्हा ते तळहाताएवढं झालं. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढल्या. आतलं कोटिंग मुद्दाम नंतरसाठी ठेवलं, कारण वेल्डिंगच्या आचेने ते जळून जातं.

इथे माझी एक चूक. तारेच्या ब्रशने सुटे पापुद्रे काढून राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर (गंजाचा टिकाऊ थर बनवणारं रसायन) लावलं. काळपट थर छान बसला. त्यावर हौसेने झिंक प्रायमर मारला. आठवड्याने नख लावलं तर टरफलासारखा निघाला. झिंक लोखंडाच्या आधी स्वतः झिजून त्याला वाचवतं, पण त्यासाठी त्याला उघडं लोखंड भिडावं लागतं. मध्ये थर आला की तो नुसता महागडा करडा रंग. पुन्हा खरवडलं. आता घासून चकचकीत झालेल्या जागी झिंक, आणि ब्रश पोचत नाही तिथे कन्व्हर्टरवर इपॉक्सी प्रायमर.

आतून मारायला मामांचा आग्रह गाडीतून काढलेल्या काळ्या ऑइलचा. फुकट आहे, खरं. पण ते सांध्यांतले रबरी बुश फुगवतं, आणि थेंब पार्किंगमधून गटारात, गटारातून खाडीत. मी लॅनोलिन घेतलं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. लांब नळी, टोकाला चहूबाजूंनी उडणारा नोझल. नळी शेवटपर्यंत घालायची आणि फवारत मागे ओढायची. ब्रेक ड्रम आणि सायलेन्सर आधी प्लास्टिकने झाकले. नंतर तळाची भोकं स्पोकने पुन्हा मोकळी केली, नाहीतर तीच बुजतात. दोन दिवस पार्किंगला धनगरवाड्याचा वास होता. सेक्रेटरींनी लेखी विचारणा केली आहे.

डाव्या हँगरचा एक बोल्ट अजून हलत नाही. गंजतेल सोडून ठेवलंय, रोज संध्याकाळी हातोडीचे चार ठोके देतो. त्यामागची जागा अजून बघायची राहिली आहे.